चगान खानाची थोरली कोण

सकाळचं दूध चार दिशांना शिंपडायला तुमेगेन तंबूबाहेर आली, पश्चिमेकडे वळून तिने पळी उचलली, तर समोरचा डोंगर दिसेना. डोंगर झाकून एक तंबू उभा होता. काल संध्याकाळपर्यंत त्या जागी गवताशिवाय काही नव्हतं. तंबूच्या दारावर निळ्या किनारीचा, कुटलेल्या लोकरीचा नमदा लोंबत होता, आणि ती निळी किनार कुणाची हे छावणीतल्या रांगत्या पोरालाही ठाऊक होतं. ती अलतुनची, खानाच्या मेलेल्या थोरल्या भावाच्या बायकोची.

तुमेगेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दूध सांडणं पाप, नाहीतर तिने हातातलं भांडं त्या निळ्या किनारीवरच भिरकावलं असतं.

खानाच्या बायकांचे तंबू एका रांगेत लागतात. थोरलीचा सगळ्यांत पश्चिमेला, तिच्या पूर्वेला दुसरीचा, मग तिसरीचा. खान दोन बायका करो की दहा, ही रांग मोडत नाही. चगान खानाच्या छावणीत पश्चिमेचा तंबू तुमेगेनचा होता, आणि तो खान नव्हता तेव्हापासून होता. तेव्हा तर रांग लावायला दुसरा तंबूच नव्हता. नवऱ्याकडे मागून आणलेलं खोगीर होतं, एक लंगडा घोडा होता आणि तोंडात मोठमोठ्या गोष्टी होत्या. पुढे त्या गोष्टी खऱ्या झाल्या. खऱ्या होताना त्याने आणखी दोन लग्नं केली: एक घोडे हवे होते म्हणून नामलूनशी, आणि एक नदीपलीकडच्या टोळीशी भांडण मिटलं म्हणून एका पोरसवदा मुलीशी. दर लग्नाला तुमेगेनने हसतमुखाने मांस वाढलं. आता तो जमिनीखाली गेला होता, त्याच्यावरून घोडे फिरवून जागा सपाटही झाली होती, आणि इथे तिच्या पश्चिमेला तंबू उगवला होता.

शेजारच्या तंबूतून नामलून केस बांधत बाहेर आली. तिने पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"अगं बाई! ही कधी बायको झाली?"

"हळू बोल."

"का म्हणून? मला तीन मुलीच. मुलगा नाही, म्हणजे मला कुणाच्या बापाची भीती नाही. ताई, नवरा मेल्यावर लग्न लागलेली जगात ही पहिलीच असेल बघ."

"ह्यांचा भाऊ गेला तेव्हा रीतीने हिला इकडेच यायचं होतं," तुमेगेन म्हणाली. "ह्यांनी घोडा धाडला होता न्यायला. काय म्हणाली होती, आठवतं? उसन्या खोगिराच्या माणसाला मी लग्नाचं भांडं भरून देणार नाही."

"आता खोगीर सोन्याचं झालंय ना!"

आणि खरी गोष्ट तीच होती. अलतुनने तेव्हा नकार दिला, आपला मुलगा तोगान आणि आपले कळप घेऊन ती बाजूला राहिली. दीर खान झाला तेव्हा ती वाट बघत राहिली असेल, पण त्याने पुन्हा विचारलं नाही. मानी माणूस होता. मान ठेवला, पण आपल्यामागे खान कोण हे कुणाला स्पष्ट सांगितलं नाही, तुमेगेनच्या मुलाच्या हातात झेंडा दिला नाही. उद्या देऊ, परवा देऊ. याचा तुमेगेनला सगळ्यांत जास्त राग होता, आणि मेलेल्यावर रागावता येत नाही म्हणून तो आणखी वाढत होता.

ती तडक बुगुताईच्या तंबूत गेली. बुगुताई खानाचा काका, घराण्यातला आता सगळ्यांत वडील माणूस. तो मेंढीचा खांदा चघळत बसला होता.

"काका, माझ्या पश्चिमेला कुणी तंबू लावला?"

"बस, सूनबाई. खाऊन घे."

"मी खायला आले नाही."

म्हाताऱ्याने हाड खाली ठेवलं, बोटं बुटांना पुसली. एवढा वेळ त्याने विचार करायला घेतला, म्हणजे खोटं बोलायचं असणार हे तुमेगेनला कळून चुकलं.

"अलतुन म्हणते, गेल्या हिवाळ्यात चगानने तिच्याशी लग्न लावलं. रीतीप्रमाणे. भावाची बायको भावाकडे. आता ती थोरल्या भावाची थोरली, म्हणजे मान तिचा पहिला."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"मी काय तिथे अंथरुणाखाली होतो? म्हातारा पुरुष हिवाळ्यात काय करेल, काही नेम असतो का?"

"ते माझ्या तंबूत होते अख्खा हिवाळा. खोकत होते. कुशीवर वळायला माझा हात लागायचा, ते लग्न करणार होते?"

"बाई, मला सांगून काय उपयोग? सगळ्या वडीलधाऱ्यांना बोलावलंय. परवा बसू. तुझ्याच तंबूत बसू, खानाची चूल तिथे आहे म्हणून." तो जरा थांबला. "एवढं समजून अस. ती थोरली ठरली तर चूल तिच्या मुलाची. चूल ज्याची, झेंडा त्याचा. आणि खानाच्या बायकाही त्याच्याच. रीत आहे."

"मी? तोगानकडे?"

"तू काय पहिली आहेस? आमच्या घरात सगळ्या अशाच नांदल्यात."

तुमेगेन काही पहिली नव्हती, हे तिलाही माहीत होतं. तिची स्वतःची सासू दोन भावांकडे नांदली होती आणि दोघांनाही शिव्या घालत सुखाने म्हातारी झाली. पण तोगान! गेल्या थंडीत घोडी दाव्याला नीट बांधली नाही म्हणून त्याने आपल्या कोवळ्या बायकोला बर्फात उभं केलं होतं. पोरीच्या पायाची बोटं गेली. आणि नंतर हा मेजवानीत तिची चाल करून दाखवून सगळ्यांना हसवत होता. हसणारेही हसले होते. त्या माणसाच्या हाती तिने आता भांडं भरून द्यायचं, आणि तिच्या मुंगेतूने, बापाच्या एकुलत्या एक मुलाने, त्याच्या घोड्याचा लगाम धरून उभं राहायचं.

"तुम्हाला त्याने काय दिलं, काका?" तिने विचारलं.

"कुणी?"

"बाहेर उंट बांधलेत. गेल्या आठवड्यात नव्हते."

बुगुताईने पुन्हा हाड उचललं. तुमेगेन उंबऱ्याला पाय न लावता बाहेर पडली, एवढ्या रागातही.

मुंगेतू तिला घोड्यांच्या तळावर भेटला. अठरा वर्षांचा, बापासारखाच रुंद कपाळाचा, गालावर तीळ. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने ओठ चावला.

"तोगानदादाकडे माणसं खूप आहेत, आई."

"असू देत. तू बापाचा मुलगा आहेस, तो पुतण्या आहे."

"तू बोलशील ना तिथे? मला बोलता येत नाही त्या म्हाताऱ्यांसमोर."

"मी बोलेन," ती म्हणाली. तिला वाटलं, पोरगं आहे अजून. आईला असंच वाटतं.

ठरल्या दिवशी सगळे तिच्या तंबूत जमले. पुरुष पश्चिमेच्या अंगाला, बायका पूर्वेच्या, उत्तरेला मानाच्या जागी बुगुताई, आणि मधोमध चूल. चुलीशेजारी घोड्याच्या शेपट्यांचा झेंडा रोवला होता आणि त्याच्याजवळ मुंगेतू गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. समोरच तोगान मांडी पसरून बसला, घर आपलंच असल्यासारखा. अलतुन सगळ्यांत शेवटी आली. उंच टोपी, टोपीवर मोराचं पीस, कपाळावर मोत्यांची झालर. सुतकात असलेली बाई अशी येते का? पण एकाही म्हाताऱ्याला ते खटकलं नाही. उलट दोघा-तिघांनी सरकून जागा दिली.

अलतुन बोलायला लागली की ऐकत राहावं. आवाज गोड, मधूनच डोळे पुसायची.

"हिवाळा लांबला होता. माझ्या तंबूवर तो एकटाच आला, घोड्यावरून. म्हणाला, वहिनी, भावाचा विस्तव माझ्या विस्तवात मिसळ. आता पुष्कळ झाला रुसवा. मी पण विचार केला, आपणही किती ताणायचं? भांडं भरून दिलं. तो प्यायला. माझा तोगान साक्षीला होता."

"होतो," तोगान म्हणाला.

"आणि बाहेर कुणाला का नाही सांगितलं?" बुगुताईने विचारलं. प्रश्न आधीच ठरलेला होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"तो म्हणाला, उन्हाळ्यात सांगू, थोरलीचं मन दुखेल." अलतुनने तुमेगेनकडे फार मायेने पाहिलं. "तुझी त्याला फार काळजी होती हो, तुमेगेन."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. तुमेगेनला वाटलं, उठून हिची टोपी चुलीत घालावी. खोटं बोलायचं ते बोल, पण त्या आजारी माणसाच्या तोंडी मायेचे शब्द घालून मला त्यातलाच तुकडा टाकतेस!

"ह्यांना त्या हिवाळ्यात खोगिरावर चढता येत नव्हतं," ती म्हणाली. "तंबूच्या दारापर्यंत जायला दोन माणसं लागत."

"प्रेमापोटी माणूस चढतो," एक म्हातारा म्हणाला, आणि बाकीचे हसले. माणूस मरून महिना झाला नव्हता.

तेवढ्यात तोगान उठला. पोटभर आंबलेलं दूध ढोसलं होतं, मोकळं व्हायला तो बाहेर गेला. खरं तर तो गेल्याने काही अडत नव्हतं. सगळं ठरल्यासारखंच होतं.

नामलूनला मात्र राहवलं नाही. "बरं, जाऊबाई, लग्न झालं म्हणता, तर आहेर काय दिला तुम्हाला? का रुसवा काढायला एखादी शेळीच दिली?"

अलतुन इतका वेळ सांभाळून बोलत होती. पण शेळी म्हटल्यावर तिचं मोठं घर तिच्या नाकात शिरलं.

"शेळी तुला दिली असेल! घोड्यांच्या बदल्यात आलेलीस तू. मला त्याने आपल्या खास कळपातली घोडी दिली. चगान घोडी! सगळ्या कळपात तशी चगान दुसरी नाही, जा, जाऊन बघ माझ्या दाव्याला!"

पूर्वेच्या अंगाला सगळ्या बायका गप्प झाल्या. धाकट्या सवतीने तोंडावर हात ठेवला. पुरुषांना कळायला वेळ लागला, नेहमीसारखाच. मग त्यांच्याही माना अलतुनकडे वळल्या.

चगान म्हणजे पांढरा. पुरुष हा शब्द दिवसातून शंभरदा बोलतात, त्यांना त्याचं काही नाही. पण बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि नावाचा शब्द दुसऱ्या कशाला लावूनही उच्चारत नाही. नवऱ्याचं नाव पोलाद असेल तर ती सुरीला चावरी म्हणेल, काहीही म्हणेल. चगान खानाच्या बायकांच्या वाट्याला तर असा शब्द आला की पाऊल टाकेल तिथे तो आडवा. दूध पांढरं, बर्फ पांढरा, मेंढी पांढरी, वर्षाचा पहिला महिनासुद्धा पांढरा. नवी नवरी पहिल्याच दिवशी सासरच्यांना दूध देताना आपला शब्द सांगते, आणि तिथून पुढे तिच्या तंबूतली सगळी माणसं, पोरं, गुराखी, मोलकरणी, तोच शब्द वापरतात. तुमेगेनचा शब्द होता दुधाळ. नामलूनचा बर्फाळ. धाकटीने लाजत लाजत हंसाळ म्हटलं होतं, आणि खान त्यावर फार हसला होता. एकदा जीभ वळली की ती झोपेतही चुकत नाही. बाळंतपणाच्या कळांमध्ये तुमेगेनने काय काय बोलून घेतलं होतं, पण ते नाव नव्हतं.

अलतुनच्या चेहऱ्याचा रंग गेला. पण ती कच्ची नव्हती.

"सवय," ती म्हणाली. "इतकी वर्षं दीर होता तो माझा, नावानेच हाक मारली. जीभ घसरली. म्हाताऱ्या बाईची जीभ घसरू नये का?"

"घसरते, घसरते," बुगुताई घाईने म्हणाला. "होतं असं."

"होतं," तुमेगेन म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटत होता, इतका शांत. "मी पण धरत नाही मनावर. फक्त एवढंच सांगा, जाऊबाई, तुमचा शब्द कोणता?"

"कसला शब्द?"

"लग्नाचं भांडं भरून देताना सांगितलात तो. आम्हा तिघींना आमचे आहेत. तुमचा कोणता?"

अलतुनने क्षणभर चुलीकडे पाहिलं. "मिठाळ," ती म्हणाली. "मिठासारखी म्हणून, मिठाळ."

"चांगला शब्द आहे," बुगुताई म्हणाला. "झालं. आता पुढे..."

दाराचा नमदा उचलून तोगान आत आला, कमरपट्टा आवळत. नामलून त्याच्याकडे वळून हसली, इतकी गोड की अलतुनलाही हेवा वाटावा.

"तोगान, बाबा, तुझ्या आईची ती नवी घोडी. रंग कोणता रे तिचा?"

"चगान," तोगान म्हणाला. "का?"

"अरे, आम्ही बायका म्हणत होतो, तुझ्या आईच्या तंबूत काय म्हणतात तिला?"

"चगानच म्हणतात! अजून काय म्हणणार?" अलतुनने हात हलवला, पण तो बसायच्या नादात होता, त्याने पाहिलंच नाही. "तुमच्यासारखे दुधाळ-बर्फाळ असले चाळे आमच्या तंबूत कधी नव्हते, आजही नाहीत."

आणि तो बसला. कुणीच हसलं नाही म्हणून त्याने इकडे तिकडे पाहिलं. अलतुनने डोळे मिटून घेतले होते. टोपीवरचं पीस थरथरत होतं.

"बोला आता," तुमेगेन म्हणाली.

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. थुंकावं की गिळावं असं झालं होतं त्यांना. रीत बाजूला ठेवा असं म्हणायला त्यांची जीभ धजत नव्हती. रीत सांगूनच तर ते जन्मभर मांस खात आले होते. अखेर बुगुताईने खाकरून घसा साफ केला.

"लग्न झालं नाही," तो म्हणाला. "थोरली तुमेगेन. चूल मुंगेतूची, झेंडा मुंगेतूचा."

 नामलूनने तुमेगेनचा दंड घट्ट धरला. पोराने झेंड्याच्या काठीवर हात ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी पहिली शिकार मारली तेव्हाही असेच झाले होते.

"पण," बुगुताई म्हणाला.

सगळ्या जगातली घाण या एका शब्दात भरलेली असते.

"पण तोगानकडे घोडेस्वार आहेत. तो रागावून निघून गेला तर अर्धी छावणी जाईल, आणि हिवाळ्यात आपल्यावर कुणीही चालून येईल. घर फुटता कामा नये. तेव्हा आम्हाला असं वाटतं, झेंडा मुंगेतूकडे राहू दे, आणि तुमेगेनने तोगानकडे जावं. पुतण्याने काकू ठेवून घेणं रीतीतलंच आहे. तिची माणसं, तिचे कळप त्याच्या कळपात मिळाले की त्याचाही मान राहिला. दोन्ही घरं एक."

तोगानच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. मघाशी गेलेलं सगळं त्याला दुसऱ्या दाराने परत मिळत होतं.

"एक मिनिट, काका," तुमेगेन म्हणाली. "खोटं कोण बोललं?"

"तो विषय संपला."

"माझ्या नवऱ्याच्या तोंडी खोटं घातलं यांनी. भरल्या घरात उघडे पडले. शिक्षा काय? तर मी त्यांच्या घरी नांदायची! चोराने घोडा चोरला, सापडला, म्हणून त्याला खोगीरही देऊन टाकायचं?"

"सूनबाई, आवाज..."

"आवाज माझ्या तंबूत चढवतेय, तुमच्या नाही! उंट मिळाले तुम्हाला, आणखी किती हवेत?"

बुगुताईचा चेहरा काळवंडला, पण तो कसलेला होता. त्याने दोन्ही हात पसरले. "हे आता माझ्या हातात नाहीच. विधवा चुलीच्या मालकाच्या हातात असते. मालक हा बसलाय." तो मुंगेतूकडे वळला. "खान, तुमचा शब्द शेवटचा. तुम्ही सांगाल ते."

खान. पोराला आयुष्यात पहिल्यांदा कुणी खान म्हटलं. तुमेगेनने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला धीर आला. हा नाही म्हणेल. दोन शब्दांचं काम आहे. आता त्याला म्हाताऱ्यांसमोर बोलायला भीती वाटायचं कारण नव्हतं, सगळेच त्याच्यासमोर बसले होते.

मुंगेतू झेंड्याच्या काठीची साल नखाने खरवडत होता.

"काका म्हणतात ते बरोबर आहे," तो म्हणाला. "घर फुटू नये."

"मुंगेतू."

"आई, तू समजूतदार आहेस. तोगानदादा नीट वागवेल तुला. मी सांगेन त्याला." मग जरा मोठ्याने, खानासारखं, "मी खान आहे, मला सगळ्यांचं बघायला हवं."

नामलूनने तोंड वळवलं. अलतुननेही मान खाली घातली होती. स्वतःच्या मुलासाठी ती खोटं बोलली होती, जन्मभराचा मान पणाला लावून. तिला यातलं काहीतरी कळत असावं. म्हातारे मात्र सुटल्यासारखे झाले. कुणीतरी वाडगा पुढे केला, कुणीतरी दूध ओतलं.

तुमेगेन बसूनच होती. तिला त्या पोराचा राग आला, मग स्वतःचा आला. आपण त्याच्यासाठी चूल मागितली, भांडून मिळवून दिली, आणि त्या चुलीबरोबर आपण स्वतःही त्याच्या हातात गेलो, हे आपल्या लक्षात कसं आलं नाही? जन्मभर पाहत आलो, तरी? आपलं पोर वेगळं, असंच ना?

ती उठली.

"चूल तुझी," ती मुलाला म्हणाली. "कबूल. झेंडा तुझा. यांच्या मांडीखालची कातडी, यांच्या हातातले वाडगे तुझे. घोडे, मेंढ्या, तुझ्या बापाचे जेवढे आहेत तेवढे तुझे."

"आई..."

"तंबू माझा."

कुणाला काही कळेपर्यंत ती उंबरा ओलांडून बाहेर गेली. तंबू बाईचा असतो, याला रीतीची साक्ष काढायची गरज नाही. तो तिच्या बापाच्या गाड्यांवरून आला होता, त्याचा नमदा तिने आणि तिच्या माहेरच्या माणसांनी दर उन्हाळ्यात लोकर कुटून नवा केला होता. लग्नात तिच्याबरोबर आलेली ती माणसं बाहेर उभीच होती, आत काय चाललंय ते ऐकत. नमद्याच्या भिंतीतून सगळंच ऐकू जातं.

"सोडा," ती म्हणाली.

त्यांनी विचारलं नाही काय सोडायचं. तंबूच्या पोटावरचे दोर सुटले, छतावरचे सुटले. नामलून धावत बाहेर आली आणि टोपी उतरवून, बाह्या सावरून दाराच्या गाठींना भिडली. पहिला नमदा घसरला तसा उत्तरेचा वारा सरळ आत घुसला आणि चुलीतली राख उडून मानाच्या जागेवरच्या वाडग्यांत पडली.

"अगं बाई, आत माणसं बसलीत!" बुगुताई ओरडला.

"बसू देत की. माणसांना मी कुठे हात लावतेय?"

छताच्या काठ्या एकेक करून निघायला लागल्या. "काका, डोकं सांभाळा," नामलून म्हणाली आणि काठी अशी काढली की म्हाताऱ्याला खरोखरच डोकं सांभाळावं लागलं. भिंतींच्या लाकडी जाळ्या पुरुषांच्या पाठीमागून घडी होऊन निघाल्या. आता ते सगळे गवतावर उघड्यावर बसले होते, हातात राखेचं दूध घेऊन, आणि छावणीतली माणसं काम टाकून बघत होती. काहीजण हसतही होते.

तोगान ताडकन उठला. "काय चाललंय हे? कुणाला विचारून?" तो तुमेगेनच्या अंगावर आला. तिची माणसं गाडीत काठ्या भरत होती, ती थांबली. त्यांच्या पाठीवर धनुष्यं होती आणि एकाने आपलं खाली घेतलं.

"ये," तुमेगेन म्हणाली. "लाव हात. लग्नाचं भांडं मी तुला भरून दिलेलं नाही, आणि देणारही नाही. तोवर तू परक्या बाईच्या तंबूला हात लावशील. लाव, सगळी छावणी बघतेय."

तोगानने मागे पाहिलं. एकही म्हातारा उठला नव्हता. दुसऱ्या बाईच्या तंबूच्या दोराला हात घालणाऱ्याची बाजू घेणं त्यांना उंटांच्या बदल्यातही जमणारं नव्हतं. तो तसाच उभा राहिला, आणि मग कुणावर तरी राग काढायला हवा म्हणून त्याने जमिनीवरच्या वाडग्याला लाथ मारली.

बैल जुंपले गेले. तिचे कळप तिच्या गुराख्यांनी एव्हाना वळवले होते. माहेरची कुरणं नदीच्या वरच्या अंगाला, भाऊ म्हातारा झालेला, भावजय तोंडाळ. स्वागत होईलच असं नव्हतं. पण तिथे कुणी तिला कुणाला देणार नव्हतं.

मुंगेतू गाडीजवळ आला. वाऱ्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं, की कशाने, तिने विचारलं नाही.

"आई, मग मी राहू कुठे?"

"मला जिथे धाडत होतास तिथे जा," ती म्हणाली. "तिथे नीट वागवतात म्हणे."

तो काहीतरी बोलणार होता. मागून बुगुताईने हाक मारली, खान, विस्तव जातोय! तो वळून धावला.

तुमेगेन गाडीच्या पुढच्या बाजूला चढून बसली. तिने एकदाच मागे पाहिलं. म्हातारे उठून आपापल्या घोड्यांकडे चालले होते, अलतुन निळ्या किनारीच्या तंबूत शिरत होती. उघड्या माळावर तीन दगडांमध्ये थोडा विस्तव उरला होता. तिचा मुलगा वाऱ्याकडे पाठ करून त्याच्यावर ओणवा झाला होता, अंगरखा दोन्ही हातांनी पसरून.  तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला.

तिने बैलांच्या पाठीवर काठी मारली.